दोनशे छप्पन्नावे अक्षर

गाडीतला नकाशा चालेनासा झाला की काही लोक थेट स्वीडनमधल्या डॅनिएल स्टेनबर्ग यांना ई-मेल करतात. गाडीच्या पडद्यावर सॉफ्टवेअर परवान्यांची लांबलचक यादी असते. तिच्यात त्यांचे नाव आणि ई-मेल सापडतो, आणि मदत करणारा माणूस हाच असे गाडीमालकाला वाटते. स्टेनबर्ग यांनी त्या गाडीला कधी हातही लावलेला नसतो. त्यांचे ‘कर्ल’ तेवढे तिच्यात असते.

दिलेल्या यूआरएलवरून माहिती आणायची किंवा तिथे पाठवायची, एवढेच कर्लचे काम. चलनांचे दर इंटरनेटवरून उतरवून घेण्यासाठी स्टेनबर्ग एक छोटा प्रोग्रॅम वापरत होते, तो वाढत गेला आणि मार्च १९९८मध्ये कर्ल या नावाने बाहेर पडला. आज तो फोनांत, टीव्हींत, विंडोज आणि मॅकमध्येही असतो. कोणीही तो फुकट घ्यावा, बदलावा, आपल्या विकाऊ वस्तूत घालावा. परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की झाले. गाडीच्या पडद्यावर नाव येते ते याच अटीमुळे.

असा प्रोग्रॅमर दिवसभर करतो काय? नवा कोड लिहिणे हा त्यातला लहान भाग. मोठा भाग म्हणजे जुना कोड सांभाळणे. तो कसा सांभाळतात, हे २०२३च्या एका चुकीवरून नीट दिसते.

कर्ल कधीकधी थेट सर्व्हरशी न बोलता मध्यस्थामार्फत, म्हणजे प्रॉक्सीमार्फत बोलतो. सॉक्स-५ नावाच्या प्रॉक्सीला सर्व्हरचे नाव सांगताना आधी त्या नावाची लांबी सांगावी लागते आणि त्यासाठी एकच बाइट राखून ठेवलेला आहे. एका बाइटमध्ये २५५च्या पुढचा आकडा मावत नाही. नाव त्याहून लांब आले, तर कर्लने ठरवले होते की ते प्रॉक्सीकडे पाठवायचे नाही, त्याचा आयपी पत्ता आपणच शोधायचा.

२०२०मध्ये स्टेनबर्ग यांनी हा भाग नव्याने लिहिला. आधीचा कोड प्रॉक्सीच्या उत्तराची वाट पाहत अडून बसे. नवा कोड उत्तर आले नसेल तर बाजूला होतो, दुसरी कामे होऊ देतो आणि नंतर पुन्हा बोलावला जातो. आपण कोणत्या टप्प्यावर होतो हे त्याला आठवते. पण ‘नाव फार लांब आहे, पत्ता आपणच शोधायचा’ हा निर्णय मात्र दर बोलावण्याला नव्याने तयार होणाऱ्या चलात, म्हणजे व्हेरिएबलमध्ये ठेवलेला होता. कारकुनाने शेरा फायलीवर न लिहिता सुट्या चिठ्ठीवर लिहावा आणि जेवणाच्या सुट्टीत ती उडून जावी, तसे झाले. प्रॉक्सीने उत्तर द्यायला जरा उशीर केला की निर्णय पुसला जाई, आणि ते लांबलचक नाव ठरावीक मापाच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या राखीव जागेत कॉपी होई. नाव बफरपेक्षा मोठे असेल तर शेजारची मेमरी बिघडे. मुद्दाम तसे नाव पुढे करणाऱ्या हल्लेखोराला एवढे पुरते. टर्मिनलमधून चालवायच्या कर्लच्या कमांडचा बफर मोठा असल्याने नेहमीच्या वापरात तिला धोका नव्हता. धोका होता तो कर्लची लायब्ररी, म्हणजे त्याचा कोड, आपल्यात घालून वापरणाऱ्या इतर प्रोग्रॅमांना.

ही चूक १,३१५ दिवस कोणाच्या लक्षात आली नाही. कोड सर्वांसमोर उघडा होता, चाचण्याही रोज चालत होत्या. उघड्या कोडातल्या चुका आपोआप सापडतात असे मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

एका जाणकाराने चूक खासगीत कळवली आणि त्याला चुका कळवणाऱ्यांसाठीच्या कर्लच्या योजनेतून बक्षीस मिळाले. पुढचे काम जास्त नाजूक होते. दुरुस्ती उघडपणे मांडली तर हल्लेखोरांना वाट दिसते; गुपचूप ठेवली तर लोक अपडेट करत नाहीत. म्हणून लिनक्स वितरणांच्या सुरक्षा-चमूंना आधी विश्वासात घेतले, आणि तपशील न देता तारीख तेवढी जाहीर केली. एरवी साधारण आठ आठवड्यांनी येणारी आवृत्ती चारच आठवड्यांत काढली. ११ ऑक्टोबर २०२३ला ८.४.० आली. दुरुस्ती साधीच: नाव लांब असेल तर सरळ त्रुटी दाखवून थांबायचे. मला ती जुन्या पद्धतीपेक्षा प्रामाणिकही वाटते. नाव प्रॉक्सीने शोधावे असे वापरणाऱ्याने सांगितले असताना कर्लने परस्पर स्वतः शोधणे मुळातच गैर होते. त्याच दिवशी स्टेनबर्ग यांनी चूक आपलीच होती असे सांगत ती कशी घडली हे सविस्तर लिहिले, आणि मेमरी सुरक्षित ठेवणाऱ्या भाषेत ती शक्यच झाली नसती हेही कबूल केले.

पैशाचे म्हणाल, तर स्टेनबर्ग यांनी वीसेक वर्षे दुसऱ्या नोकऱ्या करून उरलेल्या वेळात कर्ल सांभाळला. २०१९पासून वुल्फएसएसएल ही कंपनी त्यांना याच कामाचा पगार देते. कर्लसाठी मदत हवी असलेल्या कंपन्या तिच्याशी करार करतात. फुकट वापरणाऱ्यांच्या मानाने असे करार करणारे थोडेच.

तुमच्या संगणकावर टर्मिनल उघडून कर्लची आवृत्ती पाहा. ७.६९.० ते ८.३.० यांच्यामधली असेल, तर अपडेट करा. काही लिनक्स वितरणे जुन्याच आकड्याखाली दुरुस्ती पुरवतात. तिथे त्या वितरणाची सुरक्षा-सूचना वाचून खात्री करून घ्या.