दारापुढचे चित्र

आमच्या गावाच्या वेशीवर एक जुना वड होता. शाळेत जाताना आणि घरी परतताना आम्ही त्याच्याच सावलीतून जात असू. उन्हाळ्यात वाटसरू त्याच्या पारावर विसावत. पावसाची सर आली की गुराखी त्याच्या बुंध्याशी उभे राहत. पुढे माझ्या हाती कॅमेरा आला, तेव्हा मी महाबळेश्वरच्या दऱ्यांची आणि वेरूळच्या लेण्यांची पुष्कळ छायाचित्रे घेतली. वडाचे मात्र एकही घेतले नाही. तो तर रोजचाच. त्याचे छायाचित्र काय घ्यावयाचे, असे मला वाटे. एके वर्षी रस्ता रुंद झाला आणि वड गेला. महाबळेश्वरच्या दऱ्या आजही जागच्या जागी आहेत. वड मात्र आता कोठेच नाही.

चांगल्या छायाचित्रासाठी दूरच्या रम्य स्थळी जावे लागते, अशी पुष्कळांची समजूत असते. छायाचित्रकलेचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. कॅमेऱ्याने घेतलेले जे सर्वांत जुने छायाचित्र आज शिल्लक आहे, ते फ्रान्समधील निसेफोर न्येप्स या संशोधकाने १८२६ किंवा १८२७ साली घेतले. त्यात ना राजवाडा आहे, ना पर्वत. आपल्याच घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारी छपरे, भिंती आणि आवार एवढेच त्यात आहे. धातूच्या पत्र्यावर ते चित्र उमटावयास कित्येक तास लागले.

आपल्या देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या. पुढे दिल्लीत त्यांनी राष्ट्रनेत्यांची आणि ऐतिहासिक प्रसंगांची छायाचित्रे घेतली. परंतु त्यांचा हात बसला तो मुंबईचे रोजचे जीवन आणि आपल्या सहाध्यायिनी टिपता टिपता.

मग रोजच्या जागेचे चांगले चित्र कसे घ्यावे? प्रथम प्रकाश पाहावा. छायाचित्राचा प्राण प्रकाश होय. दुपारी सूर्य माथ्यावर असताना सावल्या आखूड व काळ्याकुट्ट पडतात आणि माणसाच्या डोळ्यांखाली अंधार दाटतो. सकाळी व सायंकाळी सूर्य क्षितिजाजवळ असतो. त्या वेळी त्याचे किरण हवेच्या अधिक जाड थरातून येतात. वाटेत त्यांतील निळा प्रकाश विखुरला जातो आणि पिवळसर-तांबूस प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो. शिवाय हे ऊन तिरपे असल्यामुळे लहानशा उंचवट्याचीही सावली पडते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने ठोके देऊन मठारकाम करतात. प्रकाश अगदी समोरून पडला, तर असे भांडे सपाट भासते. तोच तो बाजूच्या खिडकीतून तिरपा आला, की कारागिराचा एकेक ठोका मोजून घ्यावा इतका स्पष्ट दिसतो. ढगाळ दिवसही वाया जात नाही. त्या दिवशी सावल्या सौम्य असतात, म्हणून माणसांचे चेहरे फार चांगले येतात.

प्रकाशानंतर विचार करावा तो आपण उभे राहण्याच्या जागेचा. अंगणात खेळणाऱ्या लहान मुलाचे चित्र मोठ्या माणसाने उभ्यानेच घेतले, तर डोके मोठे आणि पाय इवलेसे दिसतात. गुडघे टेकून कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणला, की त्याचे जग त्याच्याच नजरेने दिसू लागते. मागे काय आहे, तेही पाहावे. नाहीतर आजोबांच्या डोक्यातून विजेचा खांब उगवल्यासारखा दिसावयाचा! दोन पावले बाजूला सरले, की खांब दूर होतो. आणखी दोन पावले पुढे गेले, की चित्रातील निरुपयोगी पसारा आपोआप कमी होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे धीर. आठवडी बाजारात भाजीवाली दिवसभर बसलेली असते. परंतु तराजूची दांडी समतोल होत असताना तिची जी नजर असते, ती क्षणभरच टिकते. त्या क्षणाची वाट पाहावी लागते. घाईने घेतलेल्या पन्नास चित्रांपेक्षा असे एक चित्र अधिक काही सांगून जाते.

मात्र माणूस म्हणजे झाड किंवा भिंत नव्हे. त्याला मान आहे, संकोच आहे. म्हणून “मावशी, तुमचा फोटो काढू का?” असे आधी विचारावे. त्या नको म्हणाल्या, तर कॅमेरा खाली घ्यावा. हो म्हणाल्या, तर पुढच्या बाजारी एक प्रत त्यांच्या हाती द्यावी. कोणाच्या दुःखाचे किंवा फजितीचे चित्र घेऊन ते चारचौघांत दाखवणे हे सभ्यपणाचे लक्षण नव्हे.

चित्र घेतल्यावर त्याचे स्थळ आणि तारीख लिहून ठेवावी. मुंबईत १८७४ साली सुरू झालेली ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. रोज तिने कचेरीत जाणाऱ्यांना तिच्यात पाहण्यासारखे काय वाटले असेल? पण गजबजलेल्या रस्त्यातून ती कशी जात असे, हे आज आपल्याला जुन्या छायाचित्रांतूनच पाहावयास मिळते. रोजचे म्हणून ज्याच्याकडे आपण पाहत नाही, ते एके दिवशी नाहीसे होते आणि मागे राहिलेले चित्र त्याची साक्ष देते.

आज अनेक घरांतील मोबाइल फोनमध्येच कॅमेरा असतो. तुमच्या घरी तो असेल, तर वडीलधाऱ्यांना विचारून एखाद्या सकाळी तो हाती घ्या आणि दारापुढे उभे राहा. तो नसला, तरी डोळे आहेतच. आजीचे जाते, गल्लीच्या तोंडावरचे लोहाराचे दुकान, शाळेच्या वाटेवरचे चिंचेचे झाड, यांवर ऊन केव्हा आणि कोणत्या बाजूने येते, ते आठवडाभर पाहा. आणि तुमच्या वेशीवर जर एखादा वड असेल, तर त्याचे चित्र उद्यावर टाकू नका.