गवताच्या नदीत कॅमेरा

डोंगर नाही, दरी नाही, धबधबा नाही. जिकडे पाहावे तिकडे घोट्यापासून कमरेपर्यंत पाणी आणि त्यातून वर आलेले उंच गवत! अशा ठिकाणी निसर्गाचे छायाचित्र घ्यायचे तर ते कशाचे?

अमेरिकेत फ्लॉरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला एव्हरग्लेड्स हा पाणथळ प्रदेश आहे. कर्कवृत्ताच्या थोडा उत्तरेला, सुमारे २५ ते २६ अक्षांशांवर तो पसरला आहे, म्हणजे उपोष्ण पट्ट्यात. जमिनीचा उतार किलोमीटरमागे जेमतेम ३ ते ५ सेंटीमीटर. त्यामुळे पाणी वाहते खरे, पण वाहताना दिसत नाही. मार्जरी स्टोनमन डग्लस या लेखिकेने १९४७ साली आपल्या पुस्तकात या प्रदेशाला ‘गवताची नदी’ म्हटले, आणि त्याच वर्षी येथे राष्ट्रीय उद्यान सुरू झाले. हे करवती कडांचे गवत वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत नव्हेच. ते आपल्या लव्हाळ्याच्या कुळातले आहे.

येथे छायाचित्रकाराची पहिली गाठ पडते ती पाण्याच्या पृष्ठभागाशी. पाण्यावर सरळ वरून पाहिले, तर पडलेल्या प्रकाशापैकी फक्त २ टक्के परावर्तित होतो आणि तळ स्वच्छ दिसतो. कॅमेरा खाली आणून पाण्याशी ५ अंशांचा कोन केला, की निम्म्याहून अधिक प्रकाश परत फिरतो. पाण्याचा आरसा होतो व सारे आकाश त्यात उतरते. म्हणजे कॅमेऱ्याची उंची बदलली, की चित्राचा विषयच बदलतो.

या दोहोंच्या मध्ये एक मजेदार कोन आहे. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३. ज्या कोनाची स्पर्शज्या १.३३ आहे तो कोन सुमारे ५३ अंशांचा. पृष्ठभागाला काढलेल्या लंबाशी ५३ अंशांचा कोन करून परावर्तित होणारा प्रकाश पूर्णपणे ध्रुवित असतो. त्याची कंपने पाण्याच्या पातळीला समांतर असतात. भिंगापुढे ध्रुवक बसवून योग्य तेवढा फिरवला, तर ही चकाकी नाहीशी होते आणि पाण्याखालचे मासे, शेवाळ, बुडालेली खोडे दिसू लागतात. महाविद्यालयात हाच नियम आपण काचेवर पडताळून पाहतो आणि परीक्षेनंतर विसरतो!

क्लाइड बुचर हे या प्रदेशाचे नामांकित छायाचित्रकार. १९८६ साली त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला. त्यानंतर त्यांनी रंगीत चित्रे सोडून कृष्णधवल चित्रांचा ध्यास घेतला. ८ बाय १० इंचांपासून १२ बाय २० इंचांपर्यंतच्या फिल्मचे अवजड कॅमेरे घेऊन ते छातीइतक्या पाण्यातही उभे राहिले. एवढी मोठी फिल्म कशाला? कारण तीवर गवताचे पातेन् पाते वेगळे उमटते, आणि तिच्यावरून भिंतभर चित्र काढले तरी ते फुटत नाही.

पण त्याची किंमत वेळात मोजावी लागते. जवळचे पान आणि दूरचा ढग दोन्ही रेखीव हवे असतील, तर भिंगाचे छिद्र फार लहान करावे लागते. समजा, एफ ८ या छिद्राला सेकंदाचा साठावा भाग पुरतो. एफ ६४ ला छिद्राचा व्यास आठपट कमी, म्हणून क्षेत्रफळ ६४ पट कमी. तेव्हा सुमारे १ सेकंद लागणार. सायप्रस वृक्षांच्या दाट सावलीत तर याहून कितीतरी अधिक. शिवाय प्रकाश अगदी मंद असला, की फिल्मची संवेदनक्षमता घटते, म्हणून हिशेबाने आलेला वेळ आणखी वाढवावा लागतो. तेवढा वेळ वारा पडलेला हवा आणि माणसानेही हलता कामा नये. पाऊल उचलले की लाटा उठतात आणि तळाचा गाळ वर येतो.

पक्ष्यांचे गणित निराळे. ९० सेंटीमीटर लांबीचा मोठा बगळा ३० मीटरवर उभा आहे असे धरा. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने फिल्मवर त्याची प्रतिमा दीड मिलिमीटरची पडेल. ४०० मिलिमीटरच्या भिंगाने १२ मिलिमीटरची. काही हौशी मंडळी भिंगाचा खर्च वाचवण्यासाठी घरट्यापाशी जातात. हे मला मुळीच पसंत नाही. आईबाप उडून गेले, की कोवळी पिले उन्हात उघडी पडतात.

या बगळ्यांनी आधीच पुष्कळ सोसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायकांच्या टोप्यांवर त्यांची पिसे लावण्याची फॅशन होती. ही नाजूक पिसे विणीच्या हंगामातच फुटतात, म्हणून शिकारी नेमके घरट्यांवरच बगळे मारीत व पिले उपाशी मरत. शिकाऱ्यांना अडवणारा पहारेकरी गाय ब्रॅडली १९०५ साली गोळी लागून ठार झाला. पुढे बंदुका थांबल्या. पण कालवे आणि बांध आले, पाणी भलतीकडे वळले आणि पाणपक्ष्यांची संख्या पुन्हा घसरली. पाणी पूर्ववत वाहावे म्हणून २००० साली मोठी योजना मंजूर झाली. तिचे काम कित्येक वर्षे चालणारे आहे.

हिवाळ्यात, कोरड्या ऋतूत, पाणी आटते. तेव्हा ॲलिगेटर ही मगरीची भाऊबंद शेपटीने व तोंडाने उकरून ठेवलेल्या डबक्यांत राहते. मासे तेथे गोळा होतात, माशांमागे बगळे येतात आणि बगळ्यांमागे छायाचित्रकार!

ध्रुवकाचा प्रयोग तुम्हालाही करता येईल. पोलरॉइड काचांचा चष्मा मिळवा. सकाळी नऊच्या सुमारास गावच्या तळ्याकाठी उभे राहून थोड्या पुढच्या पाण्याकडे पाहा. मग चष्मा डोळ्यांसमोर काटकोनात फिरवा आणि चकाकी परत येते का ते तपासा. पाण्याशी ३७ अंशांचा कोन होईल अशा जागी नजर लावलीत, तर फरक सर्वांत ठळक दिसेल.