नंबर नसलेला चष्मा

ईद जवळ आली की चंद्रपूरच्या बाजारात कपडे-चपलांबरोबर चष्म्यांचीही खरेदी होते. उन्हाचे गॉगल पूर्वीपासूनच होते. आता पोरांना पारदर्शक काचेचा, नंबर नसलेला चष्मा हवा असतो. कुर्त्यावर शोभतो म्हणे! देसाईगंज, आरमोरीकडच्या मुलांच्या फोटोंतही तीच गोल फ्रेम. घरातले बुजुर्ग मात्र चिडतात, "चांगल्या डोळ्यांवर ऐनक कशाला? डोळे बिघडतील."

तसे डोळे बिघडत नाहीत. झिरो नंबरची काच म्हणजे खिडकीची काच. डोळ्यावर तिचा वेगळा ताण पडत नाही. उलट कोळशाच्या ट्रकामागून दुचाकी चालवताना थोडी धूळ अडते. दादीचा वाचायचा चष्मा गंमत म्हणून लावणे ही गोष्ट वेगळी. त्यात नंबर असतो, डोके दुखते. गडद गॉगल घेतानाही बघून घ्यावा. काळ्या काचेआड बाहुली मोठी होते आणि काच अतिनील किरण अडवणारी नसेल तर ते किरण जास्तच आत शिरतात. आपल्याकडच्या उन्हात हे विसरून चालणार नाही. मोबाइलच्या निळ्या प्रकाशापासून वाचवणारी काच जादा पैसे घेऊन विकतात. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा साध्या काचेपेक्षा तिने डोळ्यांचा थकवा कमी होतो असे दिसले नाही. ते पैसे वाचवावेत.

आम्हा शिक्षकांना खटकते ते दुसरेच. ज्याला नंबर नाही तो वर्गात चष्मा मिरवतो आणि जिला नंबर आहे ती तो दप्तरात दडवते. फळ्यावरचे शेजारणीच्या वहीतून उतरवते. घरी विचारावे तर अम्मी हळूच म्हणते, "मॅडम, उद्या रिश्ते बघायला लोक येतील." तोवर मुलगी अभ्यासात कच्ची ठरलेली असते. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा समजही घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. लहानपणी एका डोळ्याचा दोष तसाच राहिला तर तो डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर गुण चांगला येतो, पुढे कठीण. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते. त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नये. पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरातच राहू देऊ नये.

अकराव्या शतकात इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाज़िर'मध्ये प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो हे मांडले. त्यांचे नाव आपण मुलांना फख्राने सांगतो आणि ऐनक मुलीच्या नाकावर आली की शरमतो.

पोरांच्या या फॅशनचा एक फायदा आम्हाला दिसतो. भावाने हौसेने घेतलेल्या गोल फ्रेममध्ये बहिणीच्या नंबरची काचही बसते. आमच्या आठवीतल्या दोघी-तिघींनी तशी बसवून घेतली आहे. फळा दिसत नाही म्हणून पहिल्या बाकाचा हट्ट आता त्या धरत नाहीत. मागे बसून गप्पा मारतात.