रक्त जाते कोठे?

वृद्ध माणसाच्या हाताच्या पाठीकडे पाहिले म्हणजे निळसर रेषा उठून दिसतात. त्याच हाताच्या मनगटाशी, अंगठ्याच्या बाजूस, बोटे टेकली तर आत काहीतरी एकसारखे उडत असल्याचे जाणवते. निळसर रेषा मात्र उडत नाहीत. त्या स्वस्थ असतात. दोन्हींतून रक्तच वाहते. मग एक नळी उडते आणि दुसरी उडत नाही, असे का? प्रश्न साधा दिसतो खरा. परंतु त्याचे उत्तर मिळण्यास सतरावे शतक उजाडावे लागले.

तोपर्यंत युरोपातील वैद्य गेलेन या ग्रीक वैद्याचे ग्रंथ प्रमाण मानीत. गेलेन होऊन गेला दुसऱ्या शतकात. त्याच्या मते अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, नीलांवाटे ते अंगभर पसरते, आणि पाटाचे पाणी जसे शेतात जिरून जाते तसे अवयवांत जिरून जाते. पुन्हा नवे अन्न, पुन्हा नवे रक्त! हृदयाच्या उजव्या व डाव्या भागांमधील पडद्यास बारीक छिद्रे असून त्यांतून काही रक्त पलीकडे पाझरते, असेही त्याने सांगितले होते. ही छिद्रे कोणाच्याही दृष्टीस पडली नव्हती. तेराव्या शतकात इब्न अल्-नफीस या अरब वैद्याने तर पडदा भरीव आहे असे स्पष्ट लिहून ठेवले. तरीही गेलेनचे मत सुमारे चौदाशे वर्षे टिकून राहिले.

विल्यम हार्वे याचा जन्म इंग्लंडमध्ये १५७८ साली झाला. वैद्यक शिकण्यासाठी तो इटलीतील पादुआ येथे गेला. तेथे फाब्रिसियस नावाचे नामांकित गुरू होते. नीलांच्या आत ठिकठिकाणी लहान लहान झडपा असतात, हे ते विद्यार्थ्यांना दाखवीत. रक्त हातापायांत एकदम उतरून साचू नये म्हणून या झडपा असाव्यात, असा त्यांचा समज होता. परंतु या सर्व झडपा हृदयाच्या दिशेनेच उघडतात. रक्त जर हृदयाकडून बाहेर जात असेल, तर दारे उलट्या बाजूस का असावीत?

हार्वेने दंडाला पट्टी बांधून पाहिले. नीला फुगल्या आणि त्यांवर गाठीसारखे उंचवटे दिसू लागले. हीच झडपांची स्थाने. एका बोटाने नीला दाबून धरून दुसऱ्या बोटाने तिच्यातील रक्त त्याने वरच्या झडपेपलीकडे सारले. रिकामी झालेली नीला वरून पुन्हा भरेना. खालचे बोट उचलताच मात्र ती हाताच्या बाजूने क्षणात भरली. म्हणजे नीलांतील रक्त हृदयाकडेच जात होते.

प्रत्यक्ष हृदय पाहणे याहून कठीण होते. उंदराचे हृदय मिनिटास सहाशेच्या आसपास ठोके देते, हत्तीचे तीसच्या जवळपास. कुत्र्यासारख्या प्राण्याचे हृदय विजेसारखे लवते. ते केव्हा आकुंचन पावते व केव्हा फुलते हेच कळेना. हार्वे प्रथम हताश झाला. मग ज्यांचे हृदय सावकाश चालते असे बेडूक, साप, मासे यांच्याकडे तो वळला. तेव्हा त्यास दिसले, की मूठ आवळताना हाताचा स्नायू जसा कठीण होतो, तसेच आकुंचन पावताना हृदय कठीण होते आणि त्याच क्षणी रक्त बाहेर फेकते. हृदय हा एक बळकट स्नायूच आहे.

यानंतर त्याने केला तो नुसता हिशेब. एका ठोक्यास किती रक्त बाहेर पडते याचा अंदाज त्याने मुद्दामच कमी धरला आणि अर्ध्या तासाच्या ठोक्यांनी त्यास गुणले. उत्तर शरीरातील सर्व रक्ताहून अधिक आले! आजचे आकडे घेतले तरी तेच दिसते. प्रौढ माणसाचे हृदय एका ठोक्यास सुमारे सत्तर मिलिलिटर रक्त फेकते. मिनिटास ७२ ठोके धरले तर हे पाच लिटर झाले, आणि एका तासात तीनशे लिटर. अंगात एकूण रक्त असते पाच लिटरच्या आसपास. ताशी तीनशे लिटर रक्त निर्माण करील एवढे अन्न कोण खाईल? तेव्हा रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांप्रमाणे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे.

या फेरीसाठी सस्तन प्राण्यांच्या हृदयात चार कप्पे असतात. शरीरातून आलेले रक्त उजव्या कर्णिकेतून उजव्या जवनिकेत उतरते आणि फुप्फुसांकडे जाते. तेथे ते कार्बन डायऑक्साइड टाकून प्राणवायू घेते. मग डाव्या कर्णिकेतून ते डाव्या जवनिकेत येते व महारोहिणीवाटे अंगभर जाते. उजव्या जवनिकेस जवळच्या फुप्फुसांपर्यंतच रक्त ढकलावयाचे असते. डावीस ते मस्तकापासून पावलांपर्यंत पोहोचवावे लागते. म्हणूनच डावीची भिंत कितीतरी जाड असते.

हार्वेने आपले पुस्तक १६२८ साली प्रसिद्ध केले. सारी मानवजात आपली शत्रू होईल, ही भीती त्याने त्यातच बोलून दाखविली आहे. ती अगदीच खोटी ठरली नाही. पुस्तक निघाल्यावर त्याचे रोगी कमी झाले असे सांगतात. त्याच्या मतात एक उणीवही होती. रोहिणीतील रक्त नीलेत शिरते कोठून, हे त्यास दाखविता आले नव्हते. १६५७ साली तो वारला. पुढे १६६१ साली इटलीतील मालपीगी याने सूक्ष्मदर्शकातून बेडकाचे फुप्फुस पाहिले. रोहिणी व नीला यांना जोडणाऱ्या, केसाहूनही बारीक अशा नळ्या त्यात त्यास आढळल्या. याच केशवाहिन्या.

मनगटाशी उडते ती रोहिणी. हृदयाचा प्रत्येक धक्का तिला ताजा लागतो. केशवाहिन्यांच्या दाट जाळ्यातून जाताना तो धक्का ओसरतो, म्हणून नीलेतील रक्त संथ वाहते. पायांतून त्याला वर चढावयाचे असते, तेही धक्क्यावाचून. चालताना पोटऱ्यांचे स्नायू नीलांना दाबतात, रक्त वर सरकते, आणि झडपा त्यास मागे फिरू देत नाहीत. एकाच जागी तासन्‌तास उभे राहणाऱ्याचे पाय जड होतात आणि चार पावले चालताच हलके वाटू लागतात, ते यामुळेच.