‘खारी’मध्ये अक्षरं किती? लायब्ररीला विचारा, पण उत्तर नीट वाचा

भाईंदर पूर्वेला राहत असाल तर खारी गाव माहीत असेलच. नसेल, तर चहात बुडवायची खारी नक्की माहीत आहे. या शब्दात अक्षरं किती? तुम्ही म्हणाल दोन: ‘खा’ आणि ‘री’.

आता हाच प्रश्न तीन प्रोग्रामिंग भाषांना विचारू. स्ट्रिंगची लांबी सांगणारं फंक्शन प्रत्येकीत आहे. रस्ट म्हणते 12. पायथॉन म्हणते 4. स्विफ्ट म्हणते 2. गंमत म्हणजे तिघीही बरोबर आहेत, कारण प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजतेय. रस्ट बाइट मोजते आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. पायथॉन युनिकोडचे कोडपॉइंट मोजते: ख, काना, र, दुसरी वेलांटी. स्विफ्ट मात्र वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं, ते मोजायचा प्रयत्न करते. युनिकोडच्या भाषेत त्याला ग्राफीम क्लस्टर म्हणतात.

म्हणजे ‘लांबी देतं’ एवढंच लिहिलेलं डॉक्युमेंटेशन चुकीचं नसतं, पण निरुपयोगी असतं. ओपन सोर्स लायब्ररीचा कोड उघडा असतो हे खरं. पण रोज वापरणारे हजारो लोक तो उघडून वाचत बसत नाहीत, ते डॉक्युमेंटेशनवर विश्वास ठेवतात. म्हणून आज मला सांगायचंय ते एवढंच: चांगल्या डॉक्युमेंटेशननं तीन प्रश्नांची उत्तरं द्यायला हवीत.

पहिला प्रश्न: नेमकं काय मोजलं जातंय?

हा प्रश्न मला महागात पडला होता. नावांच्या एका यादीवर काम करताना मी प्रत्येक नाव 20 ‘अक्षरांत’ बसवणारं फंक्शन वापरलं. ते प्रत्यक्षात 20 बाइटवर कापत होतं. ‘ज्योत्स्ना’ हे नाव 30 बाइटचं. कापल्यावर उरलं ‘ज्योत्’ आणि पुढे काळ्या चौकटीतलं एक प्रश्नचिन्ह, कारण ‘स’चे तीनपैकी दोनच बाइट शिल्लक होते. इंग्रजी नावांवर चाचणी घेतली तेव्हा सगळं व्यवस्थित होतं, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. चूक माझीही होती, पण डॉक्युमेंटेशनमध्ये ‘बाइट’ हा एक शब्द असता तर दोन दिवस वाचले असते.

रस्टचं डॉक्युमेंटेशन इथे कौतुकास्पद आहे. ही लांबी बाइटमध्ये आहे, माणसाला अपेक्षित असलेली लांबी कदाचित ही नसेल, असं ते स्पष्ट बजावतं.

दुसरा प्रश्न: वेळ आणि जागा किती लागते?

बाइट मोजणं फुकटात होतं, कारण तो आकडा आधीच साठवलेला असतो. ग्राफीम मोजायचे तर मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा लागतो. मजकूर दुप्पट, तर वेळ दुप्पट. स्विफ्टचं डॉक्युमेंटेशन हे सांगतं, म्हणून लूपच्या प्रत्येक फेरीत लांबी विचारायची नाही हे कळतं.

असंच ‘पाचवं चिन्ह दे’ या मागणीचं. नेहमीच्या पायथॉनमध्ये, म्हणजे सीपायथॉनमध्ये, ते चटकन मिळतं, कारण 2012 च्या 3.3 व्हर्जनपासून एका स्ट्रिंगमधली सगळी चिन्हं सारख्याच रुंदीच्या खणांत ठेवली जातात. मराठी मजकुराला प्रत्येकी 2 बाइटचा खण पुरतो. पण त्याच मजकुरात हात जोडल्याचा एक इमोजी घाला, की सगळेच खण 4 बाइटचे होतात! एका इमोजीपायी मेमरी जवळपास दुप्पट.

छोट्या उपकरणांवर चालणारी मायक्रोपायथॉन मात्र स्ट्रिंग यूटीएफ-8 मध्ये ठेवते. तिथे पाचशेवं चिन्ह हवं असेल तर सुरुवातीपासून मोजत जावं लागतं. समजा मजकूर एक लाख कोडपॉइंटचा आहे आणि तुम्ही एकेक चिन्ह क्रमांकानं मागताय. प्रत्येक वेळी सरासरी पन्नास हजार चिन्हं ओलांडायची, म्हणजे एकूण 500 कोटी पावलं. कोड तोच, उत्तर तेच, पण एकीकडे क्षणात काम होतं आणि दुसरीकडे चहा पिऊन या.

तिसरा प्रश्न: हे वचन आहे की योगायोग?

हा सगळ्यात नाजूक प्रश्न. आज कोड जसा वागतो तसा उद्याही वागेल का? पायथॉनच्या डिक्शनरीचं उदाहरण घ्या. 3.6 व्हर्जनमध्ये नोंदी घातलेल्या क्रमानं राहू लागल्या, पण तेव्हा ‘यावर विसंबू नका’ असं सांगितलेलं होतं. 3.7 मध्ये, म्हणजे 2018 साली, तोच क्रम भाषेचं अधिकृत वचन झाला. गो भाषेनं उलटी वाट धरली: मॅपमधल्या नोंदींचा क्रम ठरलेला नाही एवढं लिहून त्या थांबल्या नाहीत, तर तो क्रम मुद्दाम बदलता ठेवला, म्हणजे कुणाला सवयच लागू नये. कारण लिहिलेलं असो वा नसो, जे वागणं दिसतं त्यावर कुणी ना कुणी विसंबतंच.

देवनागरीला तर याचा थेट फटका बसतो. 2023 मध्ये आलेल्या युनिकोड 15.1 मध्ये ग्राफीमचा नियम बदलला आणि देवनागरीची जोडाक्षरं एकसंध धरली जाऊ लागली. जुन्या नियमानं ‘ज्योत्स्ना’ची पाच तुकडे पडत होती: ज्, यो, त्, स्, ना. नव्या नियमानं दोनच: ज्यो, त्स्ना. आपल्या दृष्टीनं सुधारणाच झाली. पण तुमच्या प्रोग्रामची एक ओळही न बदलता, फक्त लायब्ररी अपडेट केल्यावर उत्तर 5 चं 2 होऊ शकतं. रस्टच्या अधिकृत पुस्तकात ‘नमस्ते’चं उदाहरण आहे, त्यात ग्राफीम 4 दिलेत. नव्या नियमानं ते 3 होतात. म्हणून ‘अक्षरं मोजतं’ एवढं लिहून भागत नाही. युनिकोडच्या कुठल्या व्हर्जनच्या नियमानं मोजतं, तेही लिहायला हवं.

हे ओझं फक्त लायब्ररी लिहिणाऱ्यांवर टाकून चालणार नाही, त्यातले बरेच जण नोकरी सांभाळून फुकट काम करतात. पण डॉक्युमेंटेशनमधली दुरुस्ती ही ओपन सोर्समध्ये शिरायची सगळ्यात सोपी वाट आहे. तुम्ही वापरत असलेल्या लायब्ररीत मजकूर मोजणारं किंवा कापणारं एखादं फंक्शन शोधा. त्याला ‘ज्योत्स्ना’ द्या. उत्तर 30 आलं तर बाइट, 10 आलं तर कोडपॉइंट, 5 आलं तर ग्राफीमचा जुना नियम, 2 आलं तर नवा. मग डॉक्युमेंटेशन उघडा आणि हे तिथे लिहिलंय का बघा. नसेल तर तेवढं एक वाक्य आणि हे एक उदाहरण पाठवून द्या. पुढच्या कुणाचं तरी नाव मधेच कापलं जाणार नाही.