आतड्यातील जाळी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या वृद्धाचे पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या आणि वाराही सरेनासा झाला, म्हणजे बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजण्याची जी तजवीज पुष्कळदा केली जाते, ती अत्यंत घातक होय. कारण मोठ्या आतड्यातील कर्करोगाच्या गाठीने मार्गच बंद केला असेल, तर रेचकाने तो खुला होत नाही, उलट मागचा ताण वाढून आतडे फुटण्याचे भय उत्पन्न होते. अशा रुग्णाला प्रथम बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे, तेथे नाकातून नळी व शिरेतून सलाईन देऊन त्यास स्थिर करावे, आणि मगच मोठ्या शहरातील दुर्बिणीतज्ज्ञाकडे पाठवावे, हा क्रम सुरक्षित.

तेथे अडलेला मार्ग उघडण्यासाठी आतड्यात जाळी (स्टेंट) बसवतात; ती बसली की रोग गेला, ही दुसरी समजूत. निकेल व टिटॅनियम यांच्या मिश्रधातूची ही जाळी मिटलेल्या अवस्थेत, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, बारीक तारेवरून गाठीच्या आरपार नेतात. वरचे आवरण मागे ओढताच ती आपोआप उमलू लागते, एक-दोन दिवसांत सुमारे अडीच सेंटीमीटर रुंद होते, आणि तुंबलेला मळ व वायू कित्येकदा तेथेच सुटू लागतो. पोट चिरावे लागत नाही. गाठ मात्र जागच्या जागी राहते.

म्हणून डॉक्टरांनी हात टेकले, असा अर्थ काढणे सर्वथा अन्यायाचे आहे. ज्याच्या घशाखाली पाण्याचा घोटही टिकत नव्हता त्याला पुन्हा दोन घास खाता यावेत, हे माझ्या मते वैद्यकाचे लहान कार्य नव्हे.

तथापि हा इलाज सर्वांस लागू नाही. आतडे अनेक ठिकाणी अडले असेल किंवा गाठ गुदद्वाराच्या अगदी लगत असेल, तर पोटावर शौचाची पिशवी लावण्याची शस्त्रक्रिया अधिक हितकर ठरू शकते, आणि तीत लज्जास्पद काही नाही. जाळी सरकू शकते, गाठ वाढून पुन्हा बंद होऊ शकते, क्वचित आतड्यास छिद्रही पडते. बेव्हॅसिझुमॅब हे औषध चालू असल्यास हा धोका वाढतो, तेव्हा ते आधी सांगावे.

पुढे सर्व काही खाण्याची मुभा असते, हेही खरे नव्हे. मऊ भात, वरण, ताक चालते. अंबाडीची भाजी व संत्र्याच्या चोथ्यासकट फोडी टाळाव्यात, आणि मळ मऊ ठेवणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावे.

जाळीचे कागद घरात हाताशी ठेवावेत. पुन्हा पोट फुगले, ताप आला किंवा एकाएकी तीव्र कळ उठली, तर सकाळच्या एस.टी.ची वाट न पाहता त्याच घटकेस 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.