कोरे आभाळ, सरळ भिंती

इमारती, डोंगर आणि घरातल्या साध्यासुध्या वस्तू हे छायाचित्रणाचे सर्वांत जुने विषय. त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे: त्या हलत नाहीत. फ्रान्समधल्या सँ-लू-द-वारेन या गावी जोसेफ निसेफोर निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारे दृश्य डांबर लावलेल्या कथिलमिश्रित धातूच्या पत्र्यावर उमटवले. पत्रा जेमतेम १६ × २० सेंटिमीटरचा. त्यात छपरे आहेत, एक मनोरा आहे, आणि नीट पाहिले तर एक विचित्र गोष्ट आहे. अंगणाच्या समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेले आहे. कॅमेरा इतका वेळ उघडा होता, की सूर्य एका बाजूने उगवून दुसऱ्या बाजूला कलला आणि दोन्ही उन्हे एकाच पत्र्यावर जमा झाली.

१८३८ मध्ये लुई दागेर याने पॅरिसच्या बुलवार द्यू तांप्ल या रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा वेळ मिनिटांवर आला होता. तरीही त्या रस्त्यावरच्या घोडागाड्या आणि पादचारी चित्रातून पार नाहीसे झाले. उरला तो एकच माणूस. तो बूट पॉलिश करून घेत होता, त्यामुळे पाय एका जागी ठेवून उभा होता. माणसांची चित्रे घ्यायची तर पुढे कित्येक वर्षे त्यांच्या मानेमागे लोखंडी आधार लावावा लागे. भिंतीला असला आधार लागत नव्हता.

इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने ऑगस्ट १८३५ मध्ये लॅकॉक ॲबी या आपल्या घरातली जाळीदार खिडकी एका छोट्याशा कागदी निगेटिव्हवर घेतली. भिंगातून पाहिल्यास खिडकीच्या सुमारे दोनशे काचा मोजता येतात, अशी नोंद त्याने शेजारीच केली. मोजता येणे हेच त्याला महत्त्वाचे वाटले. १८४४ ते १८४६ या काळात त्याने छायाचित्रे चिकटवलेले ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक हप्त्याहप्त्याने काढले. त्यातल्या चोवीस चित्रांत फळीवर मांडलेली चिनी मातीची भांडी आहेत, गवताची गंजी आहे, पुस्तकांचे कपाट आहे आणि उघड्या दाराला टेकवून ठेवलेला खराटा आहे. भांड्यांच्या चित्राखाली टॅलबटने वकिली थाटाचा मुद्दा मांडला: ही भांडी चोरीला गेली आणि चित्र न्यायालयात मांडले, तर तो नव्याच प्रकारचा पुरावा ठरेल. खराट्याच्या चित्राबद्दल मात्र तो डच चित्रकारांचा दाखला देतो. तिथे दाराची तिरपी सावली आणि खराट्याचा दांडा एकमेकांना समांतर आले आहेत, आणि ते आपोआप घडलेले नाही. कोणीतरी खराटा हलवून पाहिला असणार. पुरावा आणि रचना यांची ही ओढाताण पुढच्या सगळ्या इतिहासात दिसते.

सरकारांना यातला पुरावाच हवा होता. फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तू आयोगाने १८५१ मध्ये एदुआर बाल्दुस, इपोलित बायार, ग्युस्ताव्ह ल ग्रे, आंरी ल सेक आणि ओग्युस्त मेस्त्राल अशा पाच जणांना देशभर पाठवले. जुनी चर्चे, किल्ले, पूल यांची डागडुजी सुरू होण्यापूर्वीची अवस्था टिपणे हे काम. ल ग्रे आणि मेस्त्राल यांनी कार्कासोनच्या तटबंदीची चित्रे घेतली ती वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युकच्या जीर्णोद्धारापूर्वीची, म्हणून आज ती अनमोल आहेत. आयोगाने चित्रे घेतली आणि दप्तरी लावली. एकही छापली नाही. बाल्दुसने आर्लच्या सँ-त्रोफीम मठातल्या ओवऱ्या एका निगेटिव्हमध्ये मावेनात, तेव्हा अनेक निगेटिव्ह कापून, जोडून एक चित्र तयार केले, आणि सांधे हाताने रंगवून बुजवले. नोंदीसाठी काढलेल्या चित्रातही हातचलाखी आली ती अशी, गरजेपोटी.

त्या काळातल्या छायाचित्रांत एक गोष्ट लगेच नजरेत भरते: आभाळ नसते. चांदीचे क्षार निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला भारी संवेदनशील, हिरव्या-तांबड्याला जवळजवळ आंधळे. झाडे-दगड नीट उमटेपर्यंत निळे आकाश जळून सपाट पांढरे होई. त्यात डाग दिसले तर निगेटिव्हवर अपारदर्शक रंग फासून ते आणखी कोरे करत. ल ग्रे याने १८५६-५७ मध्ये समुद्राची चित्रे घेताना यावर तोड काढली. लाटांसाठी एक निगेटिव्ह, ढगांसाठी दुसरे, आणि दोन्ही क्षितिजरेषेवर जुळवून एकच प्रिंट. लंडन-पॅरिसमध्ये या चित्रांनी खळबळ उडवली. त्यातले काही ढग एकाहून जास्त समुद्रांवर वापरलेले आहेत, हे नंतर लक्षात आले. लिनिअस ट्राइप हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी १८५५ मध्ये ब्रह्मदेशात गेला. त्याने तर निगेटिव्हवर कुंचल्याने ढग काढले, आणि ते इतके बेताचे की सहज ओळखू येत नाहीत.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडियनची रीत प्रसिद्ध केली आणि काच आली. तपशील कागदापेक्षा कितीतरी धारदार उमटू लागला. पण फोटोग्राफरचे हाल वाढले. काचेवर चिकट कोलोडियन ओतायचे, काच चहूबाजूंनी कलवून ते सारखे पसरवायचे, अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवायचे, ओली काच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि सुकायच्या आत, म्हणजे काही मिनिटांतच, धुऊन काढायचे. म्हणजे जिथे कॅमेरा तिथे काळोखा तंबू, बाटल्या आणि पाणी. इजिप्तमध्ये फ्रान्सिस फ्रिथच्या तंबूत उन्हाने कोलोडियन उकळायला लागे. हिमालयात अडचण उलटी, थंडीची. सॅम्युएल बोर्न १८६३ मध्ये भारतात आला आणि १८६६ पर्यंत त्याने हिमालयात तीन मोठ्या मोहिमा काढल्या. तिसऱ्या खेपेला तो सुमारे १८,६०० फुटांवरच्या मणिरंग खिंडीत पोचला आणि तिथे काचा धुतल्या. त्याचे सामान डझनावारी हमालांच्या पाठीवर होते. बोर्नच्या चित्रांतला निवांतपणा बघताना हे हमाल आठवत नाहीत, आणि बोर्नला ते आठवले तेव्हा बहुधा तक्रारीच्या सुरात, कारण ते वाटेत सोडून जात. वारा सुटला की झाडाची पाने पुसट होत, म्हणून तो तासन्‌तास थांबे.

आकार कळावा कसा, ही वेगळी अडचण. दगडी पुतळा दहा फुटांचा की साठ फुटांचा, हे चित्र सांगत नाही. माक्सीम द्यु कां हा १८४९ मध्ये कादंबरीकार फ्लोबेरबरोबर इजिप्तला गेला, तेव्हा तो आपल्या नावेवरच्या हाजी इस्माईल या खलाशाला देवळांच्या खांबांवर आणि पुतळ्यांवर चढवून बसवी, मोजपट्टीसारखा. खलाशी हलू नये म्हणून भिंगाची पितळी नळी ही तोफ आहे आणि हललास तर ती उडेल, असे त्याला सांगितलेले होते. ही गंमत द्यु कांनेच मिटक्या मारत लिहून ठेवली आहे. त्या चित्रांतला लहानसा, ताठ बसलेला माणूस हे माहीत झाल्यावर पूर्वीसारखा दिसत नाही.

हिंदुस्थानात वास्तूंच्या सरकारी नोंदीच्या या कामाची सुरुवात मुंबई इलाख्यात झाली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, देशातली पहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कामात होते. वास्तूंची रेखाटने करण्यासाठी चित्रकार पोसण्यापेक्षा कॅमेरा स्वस्त, असा हिशेब कंपनीच्या संचालकांनी मांडला आणि १८५५ मध्ये तोफखान्यातला कॅप्टन थॉमस बिग्ज याला विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल या भागात पाठवले. त्याला लष्कराने परत बोलावले, तेव्हा डॉ. विल्यम पिगू याने काम पुढे नेले. तो १८५८ मध्ये वारला. ही चित्रे ग्रंथरूपाने यायला १८६६ उजाडले. मेडोज टेलर आणि जेम्स फर्ग्युसन यांनी मजकूर लिहिला, आणि खर्चाला मुंबईच्या कापसाच्या तेजीत गबर झालेल्या व्यापाऱ्यांचा पैसा कामी आला.

तिकडे मद्रास इलाख्यात ट्राइपने १८५८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्यावरचा शिलालेख तुकड्यातुकड्याने टिपला आणि एकवीस प्रिंट एकापुढे एक चिकटवून सुमारे एकोणीस फुटांची पट्टी तयार केली. देऊळ नाही, आभाळ नाही, फक्त अक्षरे.

अजिंठ्यात मात्र कॅमेऱ्याची मर्यादा उघडी पडली. मेजर रॉबर्ट गिल १८४० च्या दशकाच्या मध्यापासून लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या तैलरंगी नकला करत होता. मराठी वाचकाला तो त्याची प्रेयसी पारो हिच्या कथेतून माहीत असतो; तिची कबर अजिंठा गावात आहे. १८५६ च्या सुमारास त्याने कॅमेराही हाती घेतला. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने घेतलेली त्याची जोडचित्रे दर्शकयंत्रातून पाहिली की खांबांच्या रांगा खोल आत जाताना दिसतात. लेण्याची खोली सपाट चित्रात येत नाही, ती इथे येते. फर्ग्युसनच्या मजकुरासह ही चित्रे १८६४ मध्ये पुस्तकांतून निघाली. पण भित्तिचित्रांचे काय? अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू आणि पिवळी माती यांचे राज्य, आणि तांबड्याला आंधळ्या काचेवर गेरू काळाच उमटणार. त्यामुळे रंगांच्या बाबतीत गिलचा कुंचलाच खरा साक्षीदार होता, आणि तोच जळाला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ च्या डिसेंबरमध्ये लागलेल्या आगीत त्याच्या बहुतेक नकला गेल्या. जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. गिल १८७९ मध्ये भुसावळला वारला.

तांबडा रंग काचेला दिसावा यासाठीची वाट १८७३ मध्ये हेर्मान फोगेल याने शोधली: क्षारांत विशिष्ट रंगद्रव्ये मिसळायची. ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम ही रंगीत काच १९०७ मध्ये बाजारात आली. तिच्यात बटाट्याच्या पिठाचे नारिंगी, हिरवे आणि जांभळे रंगवलेले सूक्ष्म कण असत. पॅरिसचा बँकर आल्बेर कान याने १९०९ ते १९३१ या काळात याच काचा देऊन माणसे जगभर धाडली आणि सुमारे ७२,००० रंगीत चित्रे जमवली. त्याचा स्तेफान पासे हा फोटोग्राफर १९१३-१४ मध्ये मुंबईसह भारतात फिरला. १९२९ च्या मंदीने कानचे दिवाळे निघाले आणि काम थांबले.

सर्व रंगांना जागी असलेल्या काचा आल्यावर कोऱ्या आभाळाचा प्रश्न सुटला. तो उलटाही करता येऊ लागला. अँसेल ॲडम्सने १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचे चित्र आधी पिवळ्या गाळणीतून घेतले. ते मिळमिळीत येणार हे ध्यानात आल्यावर त्याने उरलेल्या काचेसाठी गडद लाल गाळणी लावली. आभाळ जवळजवळ काळे झाले आणि कडा अंगावर आल्यासारखा उभा राहिला. तसे आभाळ त्या दुपारी तिथे नव्हते.

इमारतींचा खास त्रास दुसराच. कॅमेरा वर कलवला की उभ्या भिंती माथ्याशी एकमेकींकडे झुकतात; डोळ्याला याची सवय असते, चित्राला नसते. उपाय असा, की कॅमेऱ्याची पाठ भिंतीला समांतर, म्हणजे ओळंब्यात ठेवायची आणि फक्त भिंग वर सरकवायचे. भात्याच्या लाकडी कॅमेऱ्यात ही सोय असे. युजेन आत्जे (१८५७–१९२७) याने पॅरिसमध्ये तीसेक वर्षे अशाच कॅमेऱ्याने १८ × २४ सेंटिमीटरच्या काचांवर काम केले. भिंग तो इतके वर सरकवी, की त्याचा प्रकाशगोल काचेच्या कोपऱ्यांपर्यंत पोचत नसे. म्हणून त्याच्या कित्येक चित्रांत वरचे दोन्ही कोपरे काळ्या कमानींनी गोल झालेले दिसतात. व्यावसायिकाने ते कापून टाकले असते. आत्जेने ठेवले. भिंत सरळ असली की त्याचे काम झाले. दारावर ठोठावायच्या कड्या, जिन्यांचे लोखंडी कठडे, दुकानांच्या पाट्या, कॉर्सेट टांगलेली दुकानाची दर्शनी काच, सँ-क्लूच्या बागेतली झाडांची मुळे, सगळे तो चित्रकारांना आणि ग्रंथालयांना नमुने म्हणून विकी. तो पहाटे निघे, त्यामुळे रस्ते मोकळे दिसतात. कुठे एखादा वाटसरू धुरकट सावलीसारखा उरतो, तर कुठे खानावळीच्या दाराच्या काचेत तिवई आणि काळे कापड यांचे प्रतिबिंब पडते. १९२० मध्ये त्याने अडीच हजारांहून जास्त निगेटिव्ह दहा हजार फ्रँकना सरकारला विकल्या. १९२६ मध्ये अतिवास्तववाद्यांनी आपल्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र छापले, तेव्हा नाव घालू नका, असे त्यानेच सांगितले. त्याच्या मृत्यूनंतर बेरेनिस ॲबट या अमेरिकन छायाचित्रकर्तीने उरलेला संग्रह विकत घेऊन जपला. १९६८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गेला.

टॅलबटच्या खराट्याचे वारस विसाव्या शतकात पुष्कळ झाले. जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्टने कोंब, बोंडे, देठ कित्येक पटींनी मोठे करून दाखवले; त्याचे १९२८ चे पुस्तक पाहताना ओतीव लोखंडाचे कठडे आठवतात. कॅलिफोर्नियात एडवर्ड वेस्टनने ऑगस्ट १९३० मध्ये एक वेडीवाकडी ढोबळी मिरची आडव्या ठेवलेल्या पत्र्याच्या नरसाळ्यात बसवली. नरसाळ्याच्या गोलाईमुळे मिरचीला मागून-पुढून मऊ उजेड मिळाला, आणि तिच्या वळ्यांत पाठ, खांदे, मिठी असे काहीबाही दिसू लागले. वेस्टन स्वतः म्हणे की ही मिरची आहे, पण मिरचीहून अधिक काही; आणि चित्र झाल्यावर असली मॉडेले तो खाऊनही टाकी.

जर्मनीच्या बेर्न्ड आणि हिला बेशर या दांपत्याच्या कामात हे सारे धागे एकत्र येतात. १९५९ पासून त्यांनी झीगरलँड आणि रूर भागातल्या, नंतर युरोप-अमेरिकेतल्या पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, कोळशाच्या खाणींवरचे मनोरे टिपले. मोठा कॅमेरा, शिडी किंवा उंचवटा, भिंती काटेकोर ओळंब्यात. आणि आभाळ पुन्हा कोरे, पण या वेळी मुद्दाम: ऊन-सावली नको म्हणून ते ढगाळ दिवसाची वाट पाहत. एकाच प्रकारच्या नऊ, बारा, पंधरा टाक्या शेजारीशेजारी मांडल्या, की कोणाच्याही नजरेत न भरलेले फरक बोलू लागत. १९९० मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले ते शिल्पकलेसाठी. यातल्या बऱ्याच वास्तू खाणी बंद पडल्यावर भंगारात गेल्या. डॉर्टमुंडची झोलर्न खाण पाडायचे घाटत होते, तेव्हा तिच्या यंत्रगृहासाठी आवाज उठवणाऱ्यांत बेशर दांपत्य होते. १९६९ मध्ये त्या इमारतीला संरक्षण मिळाले, आणि रंगीत काचांच्या दारासह ती आजही उभी आहे.